इतिवृत्त कायम करणे

दारूखान्यात, वायररोपच्या दुकानावर,
दुसऱ्या मजल्यावर आमचा संघ.
पाटीवरचं नाव इतकं लांब
की रंगाऱ्याने ‘मालक’ खालच्या ओळीत ढकलला,
वर नुसती अवजड यंत्रं राहिली.
बावीस वर्षं मी इथला चिटणीस.
पगारी, म्हणजे मत नसलेला.

दुसऱ्या शनिवारी सभासद येतात.
महिनाभर एकमेकांचा भाव पाडणारे
इथे एकमेकांकडे खारी सरकवतात.
अध्यक्ष छेडाशेठ, वडाळ्याला सहा हायड्रा,
त्यातल्या एकीच्या मडगार्डला पोचा.
बलकारसिंग, ज्यांचा बूम चाळीस मजले चढतो
आणि स्वतःला दोन जिन्यांत धाप लागते.
काशीमिऱ्याचे पुंडलिक वाघधरे :
एक जुना जेसीबी, अकरा हप्ते बाकी.
बोलत नाहीत. येतात मात्र सगळ्यांच्या आधी.

विषय तेच.
बिल नव्वद दिवसांनी, तेही कापून.
रस्त्यावर चालते म्हणून गाडी
की उचलते म्हणून यंत्र,
खात्याला अजून ठरवता आलेलं नाही.
एकटा गेला तर बाहेरच्या बाकावर बसवतात,
लेटरहेड गेलं तर आत घेऊन पंखा लावतात.
एवढ्यासाठीच संघ असतो, असं मला वाटायचं.

मार्चमध्ये मुलुंडला क्रेन कलंडली.
भरावाची माती, आउटरिगरखाली फळी नाही,
वजन तक्त्याबाहेरचं.
साइटवरचा साहेब म्हणालेला,
एवढं उचल, मग जेवायला जा.
यंत्र सभासदाचं. विमा चालू होता.

दोन मिनिटं सगळे उभे राहिले.
खाली कुणीतरी साखळी मोजत होता,
एकेक कडी वर ऐकू येत होती.

मग ठराव.
भारतक्ता केबिनमध्ये मराठी-हिंदीत लावावा. मंजूर.
चालकांना प्रशिक्षण, खर्च संघाचा. कुरकुरत, मंजूर.
तक्त्याबाहेर उचलायला नाही म्हटलं
म्हणून कुणाचं भाडं तुटलं,
तर त्या साइटला दुसऱ्याने यंत्र द्यायचं नाही.
इथे खोली गप्प झाली,
मघाच्या दोन मिनिटांपेक्षा जास्त गप्प.
ते दुसरं यंत्र प्रत्येकाने कधी ना कधी दिलेलं.

पहिला हात वाघधऱ्यांचा.
मग बलकारसिंग.
मग छेडाशेठ, कानाचा फोन न काढता.

मी लिहिलं : चालक सुखारी महतो, वय एकतीस,
राहणार गिरिडीह, यांना श्रद्धांजली.
वकील म्हणाले, नाव कशाला? कागद कोर्टात जातो.
‘दुर्दैवी घटना’ लिहा.
मी मान हलवली.
चिटणिसाची मान त्यासाठीच असते.

एप्रिल. विषय क्रमांक एक :
मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
हे कुणी ऐकत नाही, तेव्हा चहा येत असतो.
मी एका सुरात वाचत गेलो,
थकीत वर्गणी, जिन्यातला दिवा,
चालक सुखारी महतो, वय एकतीस, राहणार गिरिडीह,
प्रदर्शनातल्या स्टॉलचं भाडं...
वकिलांनी कपावरून वर पाहिलं.
तेवढ्यात वाघधरे बोलले, बावीस वर्षांत बहुधा दुसऱ्यांदा :
सूचक मी.
बलकारसिंगांनी खारी चावत अनुमोदन दिलं.
छेडाशेठनी सही केली, मी शिक्का मारला.
कायम.

ठराव पाळतात का, ते विचारू नका.
परवा मुलुंडवरून येताना
त्याच फाटकाआत एक हायड्रा दिसली.
नंबरप्लेटवर ग्रीस फासलेलं, जाड, ताजं.
मडगार्डचा पोचा तेवढा पुसायचा राहिलेला.

येत्या शनिवारची विषयपत्रिका टाइप करतोय.
विषय एक, नेहमीचा.
दोनसमोर
कर्सर मघापासून उघडमीट करतोय.