गेल्या चार आठवड्यांत

गेल्या चार आठवड्यांत, मी विचारते,
धडधडीचा त्रास किती झाला?
एक म्हणजे अजिबात नाही, सात म्हणजे असह्य.
पलीकडे झोफ्का ह्रिबेर्निक
शेगडीवरून काहीतरी उतरवते, झाकण पडतं,
मग म्हणते, थांब हं, हात चिकट आहेत.

ल्युब्लियानातल्या माझ्या खोलीला खिडकी नाही.
यादीत एकशे बारा नावं.
प्रत्येकाच्या हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यात,
फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी
मुद्दाम भाजलेलं एक कडं आहे.
जांघेतून तार वर नेली, पडदा भेदला,
आणि ठिपक्याला ठिपका जोडत कुंपण घातलं,
की पलीकडची ठिणगी अलीकडे येऊ नये.
ते काम दुसऱ्यांचं.
मी नंतर फोन करते.

तीन, ती म्हणते. नाही, दोन लिही.
राणी मेलेल्या पेटीला कधी कान लावलायस?
ती गुणगुण नसते गं. नुसता थरकाप.
हजारो जणी, आणि एकीचं दुसरीला ठाऊक नाही.
सहा वर्षं हे छातीत घेऊन हिंडले.
एवढं सगळं सांगितलं,
तर डॉक्टरांनी एकच शब्द लिहिला: अनियमित.

जिना चढताना दम लागतो?
माझ्याकडे जिना नाही, चढ आहे.
पेट्या वरच्या कुरणात.
गेल्या वर्षी वाटेत तीनदा बसायचे,
यंदा एकदाच बसले, लिंडनखाली,
तेही वास सुटला होता म्हणून.
याचे किती?
मी एक लिहिते. खोडते. दोन लिहिते.
पुन्हा एक.

पुढचा प्रश्न शरीरसुखाचा.
मी घाईघाईने म्हणते, तुम्हाला हा लागू नसेल.
ती हसते, खोकला येईपर्यंत हसते.
सिरिलला जाऊन अकरा वर्षं झाली खरी,
पण पोरी, लागू नाही हे
बाईला विचारल्याशिवाय लिहू नये.

चिंता?

यावर मात्र ती गप्प.
तिच्या अहवालात सात दिवसांची पट्टी आहे,
सरळ रेषेत शिवलेल्या टाक्यांसारखी,
एकही टाका उसवलेला नाही.
रात्री दोनला उठते, ती म्हणते.
मनगटावर दोन बोटं. साठ. एकसष्ट.
सगळं ठीक असतं, आणि तरी बोटं हलत नाहीत.
पूर्वी चोर घरातच होता, कळायचं तरी.
आता दाराला कान लावून बसावं लागतं.

अर्जात शेवटी "इतर" अशी एक ओळ आहे,
चाळीस अक्षरांची.
चोर, दार, कान, दोन बोटं:
मी अक्षरं मोजते.

यादीतला नववा माणूस, कोपरचा निवृत्त नावाडी,
तीन आठवड्यांत पुन्हा बिघडला.
पट्टी म्हणते, उपचार फसला.
त्याने सगळीकडे एक, एक, एक सांगितलं.
नातीच्या लग्नात नाचला म्हणे, बूट काढून.
फसलं हे मला कुणी कळवलं नाही,
असं त्याने मलाच सुनावलं.
त्याला मी कुठल्या रकान्यात बसवू?

अजून काही विचारायचंय? झोफ्का विचारते.
नाही, संपलं. चौऱ्याऐंशी आले, शंभरांपैकी.
गेल्या वेळी एकावन्न होते.
बरं असेल तर बरंच, ती म्हणते,
मग सांगते, फोन ठेवू नकोस.
पावलं. फाटकाचं कडं. कुत्रं.
चित्रं रंगवलेल्या फळ्यांजवळ ती फोन धरते,
ओरडून विचारते, आलं का ऐकू?

मला वाराच ऐकू येत होता.
मी हो म्हटलं.

नंतर यादीतलं पुढचं नाव फिरवलं,
घंटा वाजत राहिली,
आणि माझी दोन बोटं
कुणी न सांगता
माझ्याच मनगटावर गेली.