कूलरचं खुराडं

मानकापुरात आमच्या मागच्या अंगणात
एक जुना कूलर आहे, मोटर जळलेला, पंखा काढलेला.
एका बाजूच्या जाळीला दार बसवलं, वरून ताडपत्री,
आणि आत पाच कोंबड्या.
उईके म्हणाले, सिस्टर, इथं माणसाला कूलर पुरत नाही,
तुमच्या कोंबड्यांची मजा आहे बाप्पा!

रात्रपाळीहून येते, तेव्हा सव्वाआठ झालेले असतात.
चपला काढायच्या आधी खुराड्याची कडी काढते.
सगळ्यात पुढं मेट्रन. काळी, जाड, मान उघडी.
राउंड घेतल्यासारखी अंगणभर फिरते,
कुणापुढं किती कणी पडली ते बघते
आणि जास्त खाणारीला टोचते.
बाकीच्या चौघींना नावं नाहीत.
नाव घेतलं की जीव लागतो, हे वॉर्डात शिकलेय.
मेट्रनच्या वेळी विसरले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोघी
माना पिळून कोपऱ्यात बसल्या. हिरवी हगवण, डोळे मिटलेले.
लस चुकली होती.
गावभरच्या पोरांना टोचून येणाऱ्या माझ्याकडून.
तिकडं शहरात मारबत निघालेली,
सोनकुसरे काकूंनी भिंतीवरूनच हाळी दिली,
खोकला, खरूज, मानमोडी घेऊन जा गे मारबत!
मारबतीनं नेली मानमोडी,
पण कोंबड्यांसकट.
लिंबाखाली खड्डा केला, वर चुना.

डिसेंबरात पारा आठावर, अंडी बंद.
मेट्रनची पिसं गळाली, आतून निघाली
एक चिडकी, लहानशी बाई.
पेटीतलं डागी संत्रं सोलून टाकलं,
तिघींनी पाहिलं, मातीला चोच पुसली, निघून गेल्या.
नागपूरच्या म्हणे!
चाळीसचा बल्ब लावला, तर महिनाभरात अंडं एक,
तेही कवचाशिवाय,
तळहातावर पाण्यासारखं हलणारं.
ते घेऊन मी बराच वेळ उभी होते.
कुठं ठेवायचं, कळेना.

आणि मे महिन्यात, कुणी सांगितलं नसताना,
मेट्रन खुडूक बसली.
आता नको गं, नवतपा येतोय, म्हटलं.
तिनं अंग फुगवून मलाच दटावलं.
रामटेककडून उईकेंच्या बहिणीनं नऊ अंडी धाडली
कोंड्यात पुरून, स्टीलच्या डब्यात.
घरातल्या कूलरच्या ताट्या बदलल्या होत्या,
जुनं गवत तिच्याखाली अंथरलं.

सातव्या रात्री, ज्या टॉर्चनं पेशंटच्या बाहुल्या बघते
त्याच टॉर्चनं अंडी बघितली.
दोन कोरी.
बाकी सातांत लाल शिरा, मधे एक टिंब,
हलतंय की माझाच हात?
पुन्हा बघितलं. हलत होतं.

त्या आठवड्यात दिवसपाळी. सेहेचाळीस पॉइंट दोन.
वॉर्डात बर्फाच्या लाद्या, ओल्या चादरी,
एक सायकलरिक्षावाला, नाव विचारेपर्यंत गेला.
रजिस्टरात "अनोळखी" लिहून
तीन वाजता घरी आले. डांबर चपलेला चिकटत होतं.
मेट्रनची चोच उघडी, पंख अंगापासून सुटलेले,
गळा भात्यासारखा. उठत नव्हती.
गोणपाट भिजवलं, कूलरच्या तिन्ही जाळ्यांवर टाकलं,
परळात बर्फ ठेवला.
ऊठ गं, म्हटलं, पाणी तरी पी.
अंड्यांवरून हलली नाही.
मग मीच बोट बुडवून तिच्या चोचीत थेंब थेंब सोडत बसले,
अंगावर ड्युटीची साडी, पाचपर्यंत.

पिल्लं निघाली तीन.
चार अंड्यांत काय झालं ते फोडून बघितलं नाही,
लिंबाखाली नेली.
मोजायला हात घातला, तर मेट्रननं
अंगठ्याजवळ असं टोचलं, की रक्त आलं.
डेटॉल लावताना हसूच येत होतं.

सातव्या दिवशी लस. कॅलेंडरवर लाल गोल आधीच केला होता.
एकेकाला मुठीत धरायचं, डोळ्यात एक थेंब,
डोळा मिटून उघडेपर्यंत सोडायचं नाही.
तिसऱ्यानं फार वेळ लावला.