उजवं दार पांढरं

दारव्ह्याच्या रोडले, लाहोटीच्या जिनिंगसमोर
माहं गॅरेज. पत्र्यावर अजून त्याच कंपनीचं नाव,
अर्धं उन्हानं खाल्लेलं.
लोक इचारतात, "देवू म्हंजे? काय देता बाप्पा?"
मी म्हनतो, कोरियाच्या भाषेत
मोठं ब्रह्मांड म्हनतात त्याले.
माह्या ब्रह्मांडात तीन गाड्या होत्या.

पयले तं थे कंपनी कपडे इकत होती.
हे आइकून लाहोटी शेठ खुश.
"आपलाच धंदा की! सरकी इकडं, शर्ट तिकडं."
मंग कोरियावाल्यानं जहाजं केली, टीव्ही केले,
अन् मोटारी, साऱ्या जगाले पुरतीन इतक्या.
उधारीवर.
नव्व्याण्णव साली ब्रह्मांड बसलं.
इकडं कळाले दोन उन्हाळे गेले.
आंधी फिल्टर यायचे थांबले, मंग क्लच वायर,
मंग एका रोजी नागपूरले गेलो
तं शोरूममधी सोफा-कम-बेड मांडलेले.

शेठची सिएलो, काळी, लांबलचक.
"हत्तीसारकी बसते अन् हत्तीसारकी पेते."
इकली नाई मात्र. आता तिच्यात
सरकीच्या नमुन्याच्या पिशव्या असतात.

गुल्हाने डॉक्टर ढोराईचे. त्याईची मॅटिज, पांढरी.
"उलशीक हाय, पन चढावर रडत नाई."
अन् एसी! मे महिन्यात दिग्रसहून
वासराची लस थंडगार पोचे,
डॉक्टरले मंग सर्दी.

मेश्राम सिस्टरची लाल.
मत इचारलं तं माह्याकडं पाह्यलं नुसतं.
"दोन बाळतपनं झाली तिच्यात.
दोन्ही पोट्टे शाळेत जातात.
अजून काय सांगू?"

मधी थेच गाडी नाव बदलून आली,
अमेरिकेच्या कंपनीची म्हनून.
काही पार्ट लागले सरळ,
काही दोन सूत मोठे, कानशीनं घासून बसवले.
मंग थेही दुकान बंद करून गेले.
कानस हाय माह्यापाशी.

मांगच्या माघात लाडखेडच्या वळनावर
रोही आडवा आला.
डॉक्टरच्या चष्म्याले चरा नाई,
गाडीचं डावं अंग पार गेलं.
टोचन करून आनली. डॉक्टर स्टुलावर बसले,
चहा घेतला नाई,
अन् बोटानं दाखवत गेले.
पंप सिस्टरले. रेडिएटर सिस्टरले.
उजवं दार बी, तिचं सडलं हाय.
हॉर्न तेवढा मले काढून दे.
"काहून, डॉक्टर?"
"घरची गाय त्याच आवाजाले उठते."

दार बसवलं. कब्जे जसे तिचेच.
दारावर निळ्या अक्षरात लिवलेलं,
पशुधन विकास अधिकारी.
मी म्हनलं, सिस्टर, लाल रंग मारून देतो.
"पगार होऊ दे."
पगार झाले. बाराक झाले असतीन.

आता लाल गाडी पांढरं दार घेऊन
कोलामाच्या पोडावर जाते, लेकराईले डोस पाजाले,
अन् वाटंत, पळसाखाली,
कोनी म्हैस धरून उभं.
"हे कालपासून खात नाई."
"मी मानसाईची हाव, बापू."
"पाहा तं खरं."
सिस्टर काच खाली करतात,
चारीमधी तेवढीच एक काच खाली होते,
हात बाहेर काढून
म्हशीच्या नाकाले लावतात,
कोरडं का ओलं.
इंजन बंद करत नाईत.
सेल्फचा भरवसा नाई, हे त्याईले माहीत हाय.