नमुना

रात्रशाळेत, कन्ना चौकाच्या मागे,
मी फळ्यावर अमेरिका काढतो.
दरवर्षी फ्लोरिडा अर्धवट राहतो,
खडू तिथंच संपतो.

वर उजव्या कोपऱ्यात दाट ठिपके : कारखाने.
खाली आडवी तिरपी रेघोटी : कापूस.
कापूस मुलांच्या पापण्यांवरही आहे.
पाळी आठला सुटली, हजेरी साडेआठला.

मल्लेशम गुर्रम, वय सव्वीस, दहावीला तिसऱ्यांदा,
विचारतो, "सर, कापूस खाली पिकतोय,
मग गिरणी वर का म्हणून?"

मी सांगतो. तिथं उतार होता,
नद्या उड्या मारत यायच्या, त्यांवर चाकं फिरायची.
मग कोळसा, बंदर, पेढ्या,
आणि बोटीतून उतरलेली माणसं,
मिळेल त्या मजुरीला मान हलवणारी.
खाली कापूस वेचणाऱ्यांना तर मजुरीच नव्हती,
ती स्वतःच कुणाच्या तरी वहीत जमेला होती.
देश एक, पण बाजारभाव दोन :
वर सुताला, खाली माणसाला.

"मग?"

मग वरच्यांनी दर वाढवून मागितला. संप झाले.
गिरणीला पाय फुटले.
ती खाली आली, कापसाशेजारी, स्वस्त हातांपाशी.
वरच्या गावांत चिमण्या राहिल्या
आणि नदी,
अजून तशाच उड्या मारणारी, बिनपगारी.

"मग?"

पुस्तकातला धडा इथं संपतो.
साखर पेठेकडून माग ऐकू येत राहतात.

त्याच आठवड्यात अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
खोक्यातून एक जुना टॉवेल आला,
कॅरोलायनातल्या कुठल्याशा बंद गिरणीचा.
सोबत कागद : हुबेहूब असाच, चाळीस हजार नग.
दर मात्र आजचा नव्हता, परवाचा वाटत होता.
मालकानं टॉवेल मल्लेशमपुढं टाकला. मोज.

त्यानं भिंग लावलं. इंचात उभे धागे किती, आडवे किती,
फाशांची उंची, काठाची रुंदी.
मग काठ थोडा उसवला
आणि आत एक गाठ निघाली.
धागा तुटला की
अंगठ्याखाली धरून, नखानं ओढून मारतात, ती.
त्याच्या नानांनी ती त्याला शिकवली होती,
भोंगा बंद झाला त्या उन्हाळ्यात,
ओट्यावर बसून, चपलेच्या नाडीवर.
दुसरं शिकवण्यासारखं तेव्हा त्यांच्याकडं काही नव्हतं,
वेळ मात्र खूप होता.

"सर, गाठ आपलीच हाय बघा," तो मला म्हणाला,
"फकस्त उलटी फिरवलीय.
माणूस डावरा असणार."

अहवालात त्यानं वजन लिहिलं, धागे लिहिले.
गाठ लिहिली नाही.
काठ परत शिवून टाकला.

आमच्या गल्लीत पाणी पाचव्या दिवशी येतं,
पुण्याची बस दर अर्ध्या तासाला सुटते.
त्याची बहीण अनसूया गेली, मेव्हणा गेला,
माझाही थोरला तिथंच असतो,
काचेच्या कुठल्यातरी इमारतीत, अमेरिकेच्या घड्याळावर.
विडी घरकुलातल्या बायका संध्याकाळी हजार मोजून देतात,
त्यांच्या नातवंडांचे पत्ते पिंपरीचे.

सहामाहीला मी प्रश्न घातला :
कापड उद्योगाचे स्थलांतर का झाले? गुण चार.
बाकीच्यांनी पाठ केलेलं लिहिलं,
कच्चा माल, मजुरी, वीज, वाहतूक,
कुणी क्रम चुकवला, कुणी वीज विसरला.
मल्लेशमनं तेच चारही लिहिले, बरोबर क्रमानं.
खाली पट्टीनं रेघ मारली.
रेघेखाली :
"आमच्याकडून पुढे कुठे जाणार ते पुस्तकात नाही.
सरांनी सांगावे."

मी तीन दिले.
चौथा पेन्सिलीनं लिहिलाय,
अजून गिरवलेला नाही.