किती लग्नांची जागा

नांदेडला खदीरभाईंच्या दुकानात
पंख्याखाली एक कॅबिनेट,
पोट उघडं टाकून निजलेल्या माणसासारखं.
बजेट बोलो पहले, ते म्हणतात,
मग मराठीत येतात: तसं ताट वाढता येतं.

मी सांगतो पासष्ट.
मनात पंच्याहत्तर आहे. त्यांच्या मनात ऐंशी.

रॅम सोळाची का बत्तीसची?
सोळात मपलं जुनं गाडं ओढतं कसंबसं,
पण हळदीवर मेहंदी, मेहंदीवर ड्रोन असे थर चढवले
की पडदा गोठतो,
नवरदेव अर्ध्या उडीत लटकतो.
मी खाली जाऊन चहा पिऊन येतो,
तो तिथंच असतो, हवेत, बूट वर.

प्रोसेसर वेगाचा घ्या.
वेगाचं काय करू भाई,
अहमदपुरात दुपारी लाईट जाते ती जाते,
अन् मे महिन्यात पत्र्याखाली
मशीन स्वतःच दम खायला थांबते.
रात्री रेंडर लावून झोपतो,
दात घासायच्या आधी बघतो किती टक्के.

मला जागा पाहिजे.
किती?
टीबीत मोजता येत नाही मला. एका टीबीत पाच लग्नं,
दोन कॅमेरे, एक ड्रोन धरून.
गुत्तेदाराच्या घरचं असलं तर तीनच,
घोडा गुडघे टेकून नाचतो
तो सगळा घ्यावा लागतो.

खदीरभाईंना एक सांगितलं नाही.
मुखेडचं लग्न, मन्मथअप्पांच्या शिवलीलेचं.
डिस्क पडली नव्हती, भिजली नव्हती,
नुसती आतून टक् टक् करायला लागली,
कुणी नखानं दार वाजवावं तशी.
तिसऱ्या दिवशी तेही बंद.
प्रत एकच. दुसरी पुढच्या आठवड्यात करणार होतो,
पुढच्या आठवड्यात म्हणत सीझन गेला.

मोटारसायकलवर गेलो. पिशवीत त्यांचा ॲडव्हान्स.
वाटेत वाक्यं जुळवली, कापली, परत जुळवली,
अप्पांसमोर बसलो तर एकही सापडेना.
अप्पा म्हणाले, आधी शेवया खा.
मग धाकट्या शिवराजनं मोबाईल काढला.
दीड मिनिट. उभं धरलेलं.
कोपऱ्यात सारखं एक बोट.
अक्षता पडतायत, कुणीतरी ओरडतंय, 'अय बस्वा, सरक की',
डोळ्यात तांदूळ गेला म्हणून शिवलीला डोळा चोळतीय
अन् हसतीय.
आम्ही हेच बघतो, अप्पा म्हणाले, रोज.

पैसे त्यांनी परत घेतले.
मोजून घेतले.

तर भाई,
प्रोसेसर मधला द्या.
रॅम बत्तीस… नको, सोळाच, एक खाच रिकामी ठेवा.
कामाला छोटी एसएसडी,
अन् साठवायला त्या फिरत्या तबकडीच्या दोन.
सारख्या.
एक दुकानात राहील,
एक चाकूरला बहिणीकडे, पापडाच्या डब्याशेजारी, कोरडी.

एकात काय, दुसऱ्यात काय?
नावाच्या चिठ्ठ्या हातात धरून ते विचारतात.
दोन्हीत तेच, मी म्हणतो.
ते चिठ्ठ्या परत ठेवतात.

एसटीत कॅबिनेट पायाशी, डिस्का मांडीवर.
लोह्याच्या अलीकडे खड्डा आला
अन् दोन्ही हात आपोआप पोटाशी.
रिकाम्या होत्या अजून,
मला माहीत होतं.