सेमिनरी हिल्सचा चीड

अल्मोड्याहून खोक्यात आलेलं रोप
झोडे साहेबांनी कुंपणाशी लावलं,
तेव्हा माळी हसला होता :
सत्तेचाळीस डिग्रीत चीड? जाऊ द्या जी.

अडतीस उन्हाळे झाले.
वाकडंतिकडं, शेंड्याला करपलेलं,
पण उभं.

त्याच्या मूठभर सुया मी लॅबमध्ये आणल्या.
नळाखाली धुतल्या, मग स्पिरिट, मग ब्लीच,
पुन्हा स्पिरिट. बाहेरचं सगळं मेलं.
तुकडे बटाट्याच्या गोठलेल्या काढ्यावर मांडले
आणि झाकण लावून विसरल्यासारखं केलं.

पाचव्या दिवशी, लाईट गेलेली, कूलर मुका,
शेवंता कुमरे काचेवर वाकून म्हणाली,
मॅडम, हे तं आतून येऊन राहिलं ना.

कापल्या टोकातून पिंजलेला कापूस,
एक शेवाळी, एक काजळासारखी,
एक इतकी फिकट गुलाबी की मी चष्मा पुसला.
एकोणीस बुरश्या.
अकरांना नावं सापडली.
त्यातल्या तीन आमच्या कडुनिंबातही राहतात,
दोन संत्र्यात.
पहाडातून किती सोबत आल्या, इथं किती भेटल्या,
झाडाला विचारायची सोय नाही.

उरलेल्या आठ बीजाणू धरत नाहीत,
आणि बीजाणूंवाचून नाव नाही.
वहीत मी आकडे घातले.
शेवंता त्यांना हाका मारते :
भुरी, रुसकी, मधली.

साहेब पौषात गेले.
काल त्यांच्या सूनबाईंचा फोन,
तोडलं तर चालेल का हो, एकटंच तर झाड आहे.

वही मांडीवर उघडी होती.
कुठून मोजायला घ्यावं, मला सुचेना.