टाचण्यांचा बुधवार

आमच्या ओमारूत दिवस आधी उगवतो.
न्यूझीलंडच्या या टोकाला युद्धातला बुधवारसुद्धा
जगाआधी मिळतो,
कोरा, घडी न मोडलेला.
तारा मात्र मंगळवारच्याच येतात.

सकाळी साडेसातला मी छापखान्याच्या खिडकीत चढते,
बूट काढून, ओठांत सहा टाचण्या धरून.
बाहेर दूधवाल्याचा घोडा उभा असतो.
ग्रीवसाहेब मागून तार वाचतात
आणि मी पुठ्ठ्यावरचं युद्ध पुढंमागं करते.

"ट्युनिशिया. आपले रणगाडे चार मैल पुढे."
चार मैल म्हणजे गव्हाचा अर्धा दाणा.
लाल टाचणी उपटून तेवढीच सरकवते.
त्या अर्ध्या दाण्यात हमादी नावाचा कुणी असेल
(नावं मीच ठेवते, कोण विचारतंय),
चाकोऱ्या ओलांडत ऑलिव्हची झाडं मोजत,
एकेचाळीसला अडून पुन्हा पहिल्यापासून.
माझा लायनेलही तिथंच.
टाचणीचं डोकं फार मोठं असतं,
अख्खी डिव्हिजन झाकते.

"रशिया. चिखलामुळे हालचाल मंद."
टाचणी जागीच. तरी जरा दाबून बसवते.
तिथं अग्राफेना घराचं दार
बिजागरीतून काढून चाकाखाली घालते,
उघड्या घराकडे न बघता म्हणते, ढकला.
दार परत मिळत नाही.
हे तारेत नसतं.

"न्यू गिनी. गस्ती पथकांच्या चकमकी."
इथं नकाशा हिरवा आणि रिकामा.
कुठंही टोच, चालतं, साहेब म्हणतात.
वागीला चालत नाही.
त्याच्या खांद्यावर स्ट्रेचरची एक दांडी,
खाली उतार, उताराला शेवाळ,
वर पडलेला पोरगा सारखा विचारतो, किती राहिलं?
आणि वागी त्याच्या भाषेत सांगतो,
गप रहा, मी पाऊल टाकतोय.

"अटलांटिक..." साहेब थांबतात.
कागद घडी घालून खिशात.
समुद्रात टाचणी लावायची नाही, तसा हुकूम आहे.
बोटी कुठं बुडाल्या ते शत्रूला कळता कामा नये,
जणू बुडवल्या दुसऱ्याच कुणी.
म्हणून आमचा समुद्र अजून नवाकोरा.

दुपारी पाव आणायला गेले.
टेम्स रस्त्यावर तारवाला पोरगा
सायकल हातात धरून चालत होता.
सायकल असून चालणारा पोरगा
आम्ही सगळ्याजणी ओळखतो.
तो एकेक दार मागं टाकत गेला.
ज्यांचं मागं पडलं
त्यांना सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच लाज.
हॅलक्रोबाईंच्या फाटकाशी थांबला.
त्यांचा टॉरक्विल मालवाहू बोटीवर, भट्टीला कोळसा घालायला.
बाई बटाटे खणत होत्या.
मातीचे हात एप्रनला पुसले,
पुन्हा पुसले,
मग घेतला कागद.
बोटीचं नाव नव्हतं. ठिकाण नव्हतं.
"एल्सपेथ," फाटकावरून त्यांनी मला विचारलं,
"तुझ्या नकाशावर कुठं गं?"

मी पाव घेऊन परत आले.

साहेब गेल्यावर नकाशाच्या मागं दिवा लावला
आणि रस्त्यावर येऊन पाहिलं.
जुनी भोकं उजळली होती.
गेल्या वर्षीचे वेढे, माघारी,
दोनदा घेतलेली, तीनदा सोडलेली गावं.
टाचणी पुढं जाते, भोक राहतं.
लिबियाच्या किनाऱ्याची तर चाळणी झालीय.
समुद्र तेवढा काळा.

आत आले. एक टाचणी घेतली, बिनझेंड्याची.
आइसलँडच्या खाली, जरा डावीकडे,
अंदाजानंच टोचली, आणि काढली.
कुणी विचारलं तर सांगेन, कसर लागली असेल.
दिवा मालवायचा राहिला, असंही सांगेन.

बारा वाजून गेलेत. आम्हाला गुरुवार लागला.
लायनेलकडे अजून बुधवारची दुपार आहे,
बरीचशी व्हायची बाकी.